नाना हसले तर फिल्म जळेल

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साचतात. सिनेमाच्या युनिटमध्ये तर जरा जास्तच, कारण शूटिंग म्हणजे बाहेरच्यांना वाटते तशी धावपळ नसते. निम्मा दिवस ढग सरायची वाट बघण्यात जातो. रिफ्लेक्टर झाडाला टेकवलेले, हीरॉइन छत्रीखाली पेंगतेय, चहा कधीच गार झालाय. अशा वेळी माणसं करणार काय? बोलत बसतात. मी उभी नोकरी ढगांकडे बघत काढली, त्यामुळे माझ्याकडे साठाही तसाच आहे. खरं सांगू? आता सांगायचाही कंटाळा येतो. पण पालघरला संध्याकाळी चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "त्या नाना चुरींचं सांगा ना!"

सांगतो. पण आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

नाना मूळचे कॅमेरामन. केळव्याकडचे, घरची पानवेलींची वाडी. मी त्यांचा फोकस पुलर. म्हणजे नट पुढेमागे झाला की लेन्सची रिंग फिरवून त्याचा चेहरा धुरकट होऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. नानांचा डोळा कॅमेऱ्याला, माझा हात लेन्सला, दोघांत अंतर वीतभर. आमचा कॅमेरा शिलाई मशीनसारखा खडखडायचा, त्यामुळे सगळे संवाद नंतर डबिंगला भरायचे. सेटवर कितीही आवाज करा, हसा, शिंका, काही बिघडत नव्हतं. बिघडायचं ते एकाच गोष्टीने. कॅमेरा चालू असताना नानांचा डोळा कॅमेऱ्याच्या मागच्या बघायच्या भिंगावरून जरा जरी हलला, तर तिथून उजेड आत शिरायचा आणि फिल्मवर पांढरी झळ यायची. फिल्म जळली, असं आम्ही म्हणायचो.

तेव्हा अख्खं युनिट पोट धरून लोळत असलं तरी एका माणसाला हसायची बंदी होती. तो माणूस पुढे विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक झाला!

* * *

झाला कसा, तेही ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तोवर नानांनी जन्मभर रडके सिनेमे केलेले. अंधार करावा तर नानांनीच, अशी ख्याती. विधवा, खिडकी आणि चांदणं एवढं दिलं की नाना खूश. बोईसरच्या एका कारखानदार शेठला विनोदी सिनेमा काढायची हौस आली आणि त्याने स्वस्तात पडेल म्हणून शूटिंग इथेच लावलं. दिग्दर्शक पुण्याचा. जेवणात रोज बोंबील. कधी ओले, कधी सुके, कधी चटणीत. एके दुपारी त्याने ताट सरकवलं, बॅग उचलली आणि सरळ पालघर स्टेशन गाठलं. परत आलाच नाही.

शेठ डोक्याला हात लावून बसले. मग त्यांची नजर नानांवर गेली. "नाना, कॅमेरा तो आपही रखते हो ना?"

"हो."

"बस! बाकी लोग सामने खडे हो जायेंगे!"

अशी नानांची नेमणूक झाली. ना हार ना नारळ. नाना म्हणाले, "लाइट आहे तोवर एक शॉट घेऊ."

सिनेमा पुरा झाला. पहिल्यांदा पडद्यावर बघितला तेव्हा शेठ कासावीस झाले. विनोदी नटाचं अर्धं तोंड काळोखात! "नाना, आदमी दिखता नही, तो हँसेंगे कैसे?"

नाना शांतपणे म्हणाले, "हसणारा अंधारातच बसलेला असतो, शेठ."

शेठना काय कळलं देव जाणे. पण सिनेमा चालला, आणि नाना त्या कामाला कायमचे चिकटले. मीही त्यांच्याबरोबर चिकटलो.

* * *

धर्मा मेहेर आला तो दुसऱ्या सिनेमाच्या वेळी. मुरब्याचा. होडीवर जायचा आणि गावच्या मंडळाच्या नाटकात फार्स करायचा. उभा राहिला तरी हसू यावं असा माणूस. नानांनी त्याला केळव्याच्या वाडीत बोलावलं आणि कॅमेरा लावून म्हणाले, "कर काहीतरी."

धर्माने एक सोंग केलं. बायकोच्या धाकाने मुका झालेला माणूस मासळीबाजारात भाव करतोय, असं काहीतरी. लाइटवाले स्टँड सोडून खाली बसले. मेकअपवाल्याला ठसका लागला. मी एका हाताने लेन्स आणि दुसऱ्या हाताने तोंड धरून होतो. नानांच्या गालावरची शीरही हलली नाही.

"कट," नाना म्हणाले. "लाइट गेला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवडलं तरी लाइट गेला, नाही आवडलं तरी लाइट गेला!

धर्माचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाय आवडला काय त्यांना? हसलेच नाय."

मी त्याला फिल्म जळायची भानगड समजावून सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली. मग नानांसमोर जाऊन उभा राहिला.

"नाना, आमच्या मंडळात एक रीत हाय. नाटक लोकांना दाखवायच्या आधी भायाबाबाला दाखवतात. म्हातारा पुढे खुर्ची टाकून बसतो. तो हसला तर नाटक पास. नाय हसला तर पडदापन बांधत नाय आमी. तुमी हसल्याशिवाय मला कसं कळायचं, मी पास का नापास?"

"मी हसलो तर फिल्म जळेल, धर्मा."

"मंग एक दिवस जाळा की!"

नानांनी त्याला कामावर घेतलं. पण धर्माच्या हिशेबी तो नापासच राहिला. पुढची सगळी वर्षं त्याने एकाच माणसासाठी काम केलं, आणि तो माणूस कॅमेऱ्याच्या पाठीमागे डोळा लावून बसलेला. लोकांना वाटायचं, मेहेर प्रेक्षकांसाठी जीव टाकतो. कसले प्रेक्षक!

* * *

एकदा घिवलीच्या किनाऱ्यावर धर्माच्या बुडण्याचा सीन होता. तिकडे अणुवीज केंद्र. नानांनी कॅमेरा मांडला तोच पहारेकरी आला. माणूस सभ्य. नमस्कार करून म्हणाला, "साहब, उस तरफ कॅमेरा नही."

नानांनी कॅमेरा वळवला. तो म्हणाला, "उस तरफ भी नही."

आणखी वळवला. "वो भी थोडा दिखता है, साहब."

असं करता करता कॅमेऱ्याची पाठ समुद्राला लागली आणि तोंड सुरूच्या झाडांकडे आलं. तेव्हा कुठे पहारेकरी म्हणाला, "अब ठीक है."

धर्मा लंगोट कसून तयार. "नाना, पानी कुठं हाय?"

"डबिंगला घालू."

मग काय, वाळूत खड्डा केला, त्यात धर्माला झोपवलं आणि वर फक्त दोन हात ठेवले. एकजण बाजूने बादलीने पाणी मारतोय. धर्मा वाळूत असा काही बुडाला की तो पहारेकरीच खदखदून हसायला लागला. शेवटी तर बादली त्यानेच हातात घेतली! बुडून झाल्यावर धर्माने तोंडातली वाळू थुंकली आणि आधी नानांकडे बघितलं.

"लाइट गेला," नाना म्हणाले.

सिनेमात तो सीन आहे. लाटांचा आवाज दणदणीत आहे आणि पडद्यावर सुरूची झाडं आहेत. आजवर एकाही प्रेक्षकाने समुद्र कुठाय असं विचारलेलं नाही.

* * *

मनोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक पाडा होता. तिथे प्रेतयात्रेचा सीन घ्यायचा होता. कथेत धर्मा दुसऱ्या लग्नातून सुटायला मेल्याचं सोंग करतो, बायका दोन हुंदके देतात, आणि तेवढ्यात त्याला शिंक येते. दोन मिनिटांचं काम. पाड्यावरच्याच बायका गर्दीला घेतल्या होत्या.

नाना त्यांना म्हणाले, "बाई, हा मेलाय. रडायचं."

एक म्हातारी पुढे आली. तिने चौकशी सुरू केली. "नाव काय त्याचं?"

"धर्मा."

"पोरं हायत?"

नाना म्हणाले, "असतील."

"आई हाय?"

हे नानांना माहीत नव्हतं. पांघरुणाखालून धर्माच म्हणाला, "नाय. गेली."

म्हातारी बसली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि सुरू केलं. काय तो आवाज! धर्माचं नाव घेऊन, त्याच्या पोरांची नावं माहीत नाहीत म्हणून नुसतं 'पोरं' म्हणून, आधी गेलेल्या आईला वर हाक मारून. मागोमाग सगळ्या बायका. ऐकता ऐकता आमचे लाइटवाले नाक पुसायला लागले. शिंकेची वेळ आली आणि गेली. धर्मा हलेना.

"कट!" नाना ओरडले. बायका थांबेनात. "कट, कट! बाई, झालं!"

म्हातारीने एका हाताने त्यांना गप्प बसायची खूण केली. मधे श्वास घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "अर्धं रडून उठत नाय आमी. मेल्याला लागतं."

मग बसलो आम्ही. सगळं रडून झालं, म्हातारीने डोळे पुसले, पाणी प्यायली आणि शेळ्या बघायला गेली. धर्मा अजून पडूनच होता. नाना त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "अरे, शिंक का दिली नाहीस?"

धर्माने पांघरूण खाली केलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "एवढं माझ्यासाठी कोन रडलंय, नाना? उठायची लाज वाटली."

शिंक दुसऱ्या दिवशी वेगळी घेतली. पण तिला ती मजा नव्हती.

* * *

बोईसरला सिनेमा लागला की धर्मा नानांना ओढून न्यायचा. तिथे निम्मे प्रेक्षक कारखान्यांतले कामगार, उत्तरेकडून आलेले. मराठी येत नाही, पण रविवारी दुसरं करायचं काय? धर्मा पडद्यावर आला की खुर्च्या हलायच्या. एकदा एक कामगार धर्माला दारात ओळखून गळ्यातच पडला. "भाईसाब, समझा कुछ नही, मगर पेट दुख गया!"

दुसरा कुणी असता तर हवेत गेला असता. धर्मा सगळा खेळ नानांच्या मागच्या खुर्चीत बसायचा आणि पडद्याऐवजी नानांच्या मानेकडे बघायचा. इथे तर कॅमेरा नाही, फिल्म जळायची नाही, मग हसायला काय हरकत? त्या दिवशी नाना मध्येच मागे वळले. धर्मा आशेने पुढे झुकला.

"उजव्या कोपऱ्यात उजेड कमी पडतोय," नाना म्हणाले. "त्या प्रोजेक्टरवाल्याला सांगून ये."

बाहेर आल्यावर धर्मा मला म्हणाला, "एवढी मानसं हसली रे. पन मी काय पास झालो नाय." मला फार वाईट वाटलं. नानांचा रागही आला. माणसाने खोटं तरी हसावं! पण नाना खोटा लाइटही लावू द्यायचे नाहीत, तर खोटं हसणार कुठून?

* * *

शेवटी धर्मा मुरब्याहून टोपलीभर पापलेटं घेऊन केळव्याला नानांच्या घरी गेला. नाना नाहीत असं बघूनच. मीही सोबत होतो. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, टोपली आत ठेवली आणि आम्हाला ओटीवर बसवलं.

धर्माने घसा साफ केला. "काकी, एक विचारू? नाना घरी तरी हसतात काय?"

काकींनी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवलं. काकी लाजून हसताहेत, शेजारी नाना फेटा बांधून उभे, तोंड मिटलेलं. "हा फोटो आला तेव्हा मी रात्रभर रडले होते," काकी म्हणाल्या. "मला वाटलं, मी पसंतच नाही यांना. पोरं झाल्यावर कळलं, माणूसच तसा आहे."

"मंग काय करायचं?"

"करायचं काय? मी तुझ्या आधीपासून रांगेत उभी आहे. तू माझ्या मागे उभा राहा!"

* * *

नव्वद सालाच्या सुमारास नानांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला. मोतीबिंदू. कॅमेऱ्यावर एक तरुण मुलगा आला आणि नाना पहिल्यांदा खुर्चीत बसून सिनेमा करायला लागले. धर्माला कोण आनंद! पहिल्याच दिवशी त्याने जीव तोडून काम केलं. कौलावरून घसरला, कोंबड्यांत पडला, उठताना एक कोंबडी डोक्यावर. कॅमेरा चालवणारा मुलगा हसू दाबून कसाबसा टिकला. नाना खुर्चीत तसेच. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा, जणू समोर भिंग आहे.

धर्मा पिसं झटकत आला. "नाना, आता तर तुमचा डोळा मोकळा हाय! आता कसली फिल्म जळते?"

नानांनी मिटलेला डोळा उघडला. मग म्हणाले, "सवय रे."

त्यानंतर सगळंच उतरणीला लागलं. लोक घरी टीव्हीसमोर बसायला लागले. शेठचा मुलगा म्हणाला, सिनेमा कशाला, मालिका काढू. लाइटवाले एकेक करून कमी झाले. धर्माचे गुडघे गेले, त्याला पळताना धाप लागायची. मीही चष्म्याशिवाय लेन्सवरचे आकडे वाचू शकत नव्हतो. तेच सीन, तीच पडापड, तीच कोंबडी. विनोदी सिनेमा करणारी माणसं किती थकलेली असतात, हे ते सिनेमे बघून कळत नाही.

* * *

शेवटच्या सिनेमाचा शेवटचा दिवस मुरब्याच्या किनाऱ्यावर होता. कॅमेरावाल्या मुलाला मुंबईत मालिकेचं काम मिळालं, तो आदल्या दिवशीच गेला. कॅमेराही भाड्याने आणलेला, जुन्या पद्धतीचा. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. ते म्हणाले, "मीच बसतो." कितीतरी वर्षांनी नानांचा डोळा भिंगाला लागला आणि माझा हात लेन्सला. दुपारची वेळ. ऊन लख्ख.

सीन साधा. धर्माने होडीमागून पळत यायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा पळायचं आणि जाळ्यांच्या ढिगामागे लपायचं. असलं त्याने शंभरदा केलं असेल.

"ॲक्शन!"

धर्मा पळत आला. पडला. उठायला गेला आणि तसाच खाली बसला. त्याने एक चप्पल काढली, उलटी करून वाळू झटकली, पुन्हा पायात घातली. दुसरी काढली, तिच्यातलीही झटकली. मग जे कुठलाही नट कधी करत नाही ते त्याने केलं. सरळ लेन्समध्ये बघितलं.

"नाना, दमलो मी," तो म्हणाला. "तुमीबी दमला असाल. बसा जरा."

कुणीही हसलं नाही. लाइटवाले खाली बघायला लागले. मी रिंगवर हात ठेवून धर्माकडेच बघत होतो, नानांकडे बघायचं मला सुचलं नाही. कॅमेरा खडखडत राहिला, बराच वेळ.

"कट," नाना म्हणाले. "लाइट गेला."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. नानांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंगाभोवतीचं रबर पुसलं. "वन मोर." दुसऱ्या वेळी धर्माने सगळं नीट केलं, आणि आमचं पॅकअप झालं.

पुढे मुंबईला डबिंग. डबिंगमध्ये सीनचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवतात, नटाच्या ओठांशी शब्द जुळेपर्यंत. धर्मा याच्यात उस्ताद. पहिल्या फेरीतच ओके, अशी त्याची ख्याती. रेकॉर्डिस्ट त्याची उदाहरणं द्यायचा.

किनाऱ्याचा तुकडा आला तेव्हा एडिटर नानांपाशी वाकून म्हणाला, "नाना, हा टेक नको. याच्यात शेवटी गडबड आहे. दुसरा चांगला आहे, तो लावतो."

"हाच राहू दे."

"अहो, फिल्म जळलीय याच्यात!"

"माहीत आहे मला," नाना म्हणाले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

दिवे मालवले. पडद्यावर धर्मा पळत आला, पडला, खाली बसला. एक चप्पल झटकली, दुसरी झटकली. वर बघितलं. त्याचे ओठ हलले आणि त्याच वेळी पडद्याच्या एका कडेने पांढरा उजेड आत शिरला, पसरत गेला, धर्माच्या तोंडावर आला, थरथरला आणि सगळं पांढरं करून गेला.

माइकसमोर धर्मा तोंड उघडून उभा. एक शब्द बोलला नाही.

तुकडा पुन्हा लावला. तो उशिरा बोलला. पुन्हा लावला. या वेळी फार लवकर बोलला. पुन्हा लावला, तर हेडफोन काढून नुसता बघतच राहिला.

"मेहेर, आज झालंय काय तुम्हाला?" रेकॉर्डिस्ट वैतागला.

मागची रांग अंधारात होती. धर्माने तिकडे वळून बघितलं नाही. त्याची नजर पडद्यावर.

"जमत नाय हो आज," तो म्हणाला. "परत लावा."